आक्का, तू विड्या का सोडल्यास

आक्का,

गाडी उभी आहे म्हणून लिहायला बसलोय. चालू असती तर हे झालं नसतं. कणकुंबीच्या पुढं घाटात एक ट्रक आडवा झालाय, आणि आमच्या पिकअपमधला कोबी, ढबू मिरची, कोथिंबीर गोव्याची वाट बघत तापायला लागलीय. ड्रायव्हरअण्णा टपरीवर कुणाशीतरी कन्नडमध्ये भांडतायत, म्हणजे गप्पाच मारतायत, त्यांचा सूरच तसा आहे. मी माल भरणारा, उतरवणारा, अडीअडचणीला ड्रायव्हर. त्याआधी मांडववाल्याकडं होतो, त्याआधी जत्रेतल्या पाळण्यावर, त्याआधी काजूच्या कारखान्यात. शाळा नववीत सुटली ती सुटलीच. एका जागी बूड टेकत नाही माझं. मावशी म्हणते, रांगायला लागल्यापासून असाच. तू विड्या वळायला बसलीस की माझा पाय जुन्या लुगड्याच्या काठानं खांबाला बांधून ठेवायचीस, नाहीतर मी सुपात हात घालून तंबाखू उधळायचो. मावशी तुझी धाकटी, ती तुला आक्का म्हणायची, सगळी गल्ली म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणायला लागलो. आई म्हणायचं राहूनच गेलं. आता म्हणायला गेलो तर दुसऱ्याच कुणाच्या आईला हाक मारल्यासारखं वाटेल.

मुद्द्याचं आधी सांगतो, नाहीतर मी वाटेतच कुठंतरी उतरून जाईन. माझं लग्न जमायच्या बेतात आहे आणि ते तुझ्यापाशी येऊन अडलं होतं. मुलगी येळ्ळूरची. तिचा थोरला भाऊ मार्केटात कोथिंबीर, मेथी घेऊन येतो, त्याच्याबरोबर कधीकधी ती यायची आणि मी जुड्या मोजताना चुकलो की तोंडावर हसायची. आता बेळगावात कापडाच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर उलगडलेल्या साड्यांच्या परत घड्या घालते. तिला मी माझ्या आजाराचं सांगितलं. हो आक्का, मला आहे. तुला जे होतं तेच, एचआयव्ही. तू गेलीस तेव्हा तुला हे ठाऊक नव्हतं. तू मला निरोगी समजूनच गेलीस.

सांगितलं ते येळ्ळूरच्या गडावर. वारा असा होता की प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागत होतं, आणि असलं वाक्य दोनदा बोलणं म्हणजे काय ते मलाच ठाऊक. ती गवताच्या काड्या उपटत राहिली. मग नाक पुसून म्हणाली, "फिरतोस ना गावोगाव. तिथंच कुठंतरी झालं असणार. मला म्हाईत हाय, गाडीवरची पोरं काय काय करत्यात." मी तिला ते खरंच वाटू दिलं. "झालं ते झालं," ती म्हणाली, "मी तुझी लाज काढणार न्हाय. पण परत न्हाय जायचं कुठं. माझ्या गळ्याची शपथ घे." आणि आक्का, मी घेतली! जे कधी केलंच नाही ते परत न करण्याची शपथ. हसू पण येत होतं आणि खालच्या भाताच्या वाफ्यांत उडी टाकावीशीही वाटत होती.

का घेतली म्हणशील, तर दुसरं उत्तर तू होतीस. "आईकडनं आलं" हे दोन शब्द म्हटले की पुढचा प्रश्न येणारच, आईला कुणाकडनं. आप्पा बोअरच्या गाडीवर असायचे, चार-चार महिने बाहेर, कुठं कुठं जमिनीला भोकं पाडत. तापानं झिजून ते आधी गेले. त्यांच्या दवाखान्यातच कुणीतरी तुझं रक्त बघितलं आणि त्यात सापडलं, तर आप्पांच्या गावानं काय म्हणावं? "बाईनंच आणलं. नवऱ्याला खाल्लं." आप्पांचं नाव कुणी घेतलं नाही, ते बिचारे कष्ट करून मेलेले. तू मला काखेत घालून निपाणीला मावशीकडं आलीस ती असलं सगळं ऐकून. म्हणून मी ठरवून टाकलं होतं, कुणी विचारलं तर माझ्यावर घ्यायचं. मी तरणा, भटका, माझ्यावर सहज खपतं. पण संसारच तिनं दिलेल्या माफीवर उभा राहायचा आणि ती माफीच खोटी, हे मला गिळता येईना. दोन हप्ते मी नुसता पळत होतो. गोव्याच्या फेऱ्या मागून घेत होतो. ड्रायव्हरअण्णा म्हणाले, "काय रं, मागं पोलीस लागल्यात काय?"

मग परवाच्या रविवारी निपाणीला गेलो, मावशीला विचारायला. तवंदी घाटातनं खाली उतरलं की तंबाखूचा वास येतो असं लोक म्हणतात. मला कधी आला नाही. मी त्यातच वाढलो, मला कुठला येणार. मावशी अजून तिथंच, त्याच खोलीत, पाय लांब करून, मांडीवर सूप. तेंदूची भिजवलेली पानं ओल्या फडक्यात, कात्री, दोऱ्याचं बंडल. ती बघतसुद्धा नाही हाताकडं. पान, चिमूट, वळली, टोक मोडलं, दोरा, झाली. मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचो. म्हणजे बांधलेला असायचो म्हणून असेल.

बघ, त्या खोलीत गेलं की मला तू जेवताना दिसतेस. मी चुलीपाशी पाटावर बसलोय आणि तू पार दाराजवळ, उंबऱ्याला टेकून. तुझ्या तांब्याच्या गळ्याला विडीचा गुलाबी दोरा बांधलाय, ताटलीला भोक पाडून तिथंही दोरा, म्हणजे चुकून कुणी उचलू नये. शेजारच्या बायका आपापल्या पोरांना हातानं कालवून भरवतायत, आणि तू मला चमच्यानं भरवतेस, हात लांब करून, आगीत काही टाकावं तशी. मी तुझ्या ताटातल्या भाकरीला हात घातला तर फटकन हातावर मारतेस. "लांब बस. माझं उष्टं न्हाय खायाचं." मला ताप आला तर कपाळाला हात लावायच्या आधी हात पदरात गुंडाळून घेतेस. मुका तर कधीच नाही. मी मोठा होईपर्यंत मनात धरून होतो की मी तुला आवडत नव्हतो. आप्पांसारखा दिसतो म्हणून असेल. पोरं कसली कसली कारणं शोधतात.

आता मला सगळं ठाऊक आहे. बेळगावच्या सरकारी दवाखान्यात आमच्यासारख्यांच्या गोळ्या मिळतात तिथल्या कौन्सेलर मॅडमनी मला बारकं पोर असल्यापासून शिकवलंय, अर्धं कन्नड अर्धं मराठी. ताटातून जात नाही, तांब्यातून नाही, उष्ट्यातून, मुक्यातून, खोकल्यातून, डास चावून, एका अंथरुणात झोपून, कशातूनच जात नाही. रक्तातून जातं. एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर जातं. निरोध न वापरता संबंध आला तर जातं. आणि आईकडून बाळाला जातं, पोटात असताना, बाळंतपणात, नाहीतर दुधातून. म्हणजे तू ज्या ज्या दारांना कड्या घालत बसलीस ना, त्यातल्या एकातूनही ते येत नव्हतं. ते त्याच्या कितीतरी आधीच आलेलं होतं, तुलाही ठाऊक नव्हतं तेव्हा, मी तुझ्या छातीला लागलो होतो तेव्हा. गरोदरपणी तुझं रक्त कुणी तपासलं नव्हतं. तपासलं असतं, आजच्यासारख्या गोळ्या असत्या, तर बहुतेक मला झालंच नसतं. आता तसंच होतं, बायका गोळ्या घेतात आणि पोरं स्वच्छ जन्मतात, मी रांगेत बघतो त्यांना, गुटगुटीत, रडून दवाखाना डोक्यावर घेणारी. मी तब्येतीनं धट्टाकट्टा पळत होतो म्हणून माझं रक्त तेव्हा कुणी घेतलंच नाही. तू गेल्यावर मला ताप धरला, तोंडात पांढरा थर आला, गिळता येईना, तेव्हा मावशीनं नेलं.

तर मावशीला म्हटलं, तिला सांगू का खरं काय ते. मावशीचे हात थांबले. तिचे हात थांबले की भीती वाटते, घड्याळ बंद पडल्यासारखी.

"आक्काचं नाव घेऊ नगंस," ती म्हणाली. "मेलेल्या बाईला परत चारचौघांत उभी करतोस व्हय रं?"

"मग खोटंच बोलू?"

"पोरीला फसवू पण नगंस."

"मावशे, दोन्ही कसं जमंल?"

"मला काय इचारतोस? मी इड्या वळते." आणि परत वळायला लागली.

मला राग आला. म्हटलं, त्या विड्यांनीच तर तिला काढून टाकलं ना, कारखान्यानं, तिचं कळल्यावर. हे मी कायम असंच धरून चाललेलो. तुला विड्यांवरून काढलं, म्हणून तू तंबाखूच्या वखारीत गेलीस, चाळण्या मारायला, आणि तिथल्या धुळीनं तुझी छाती गेली. पाळण्यावर काम करताना मी एका विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याला उगाचच शिव्या दिल्या होत्या या रागात, तो बिचारा बघतच राहिला.

मावशी म्हणाली, "कुणी काढलं न्हाय तिला. कारखान्यात कुणाला ठाऊकच नव्हतं. तिनंच सोडलं."

"का?"

"म्हणाली, भांडं येगळं करता येतंय, अंथरूण येगळं करता येतंय. इडी कशी येगळी करू? इडी माणसाच्या तोंडात जाती. पान मी भिजीवणार, टोक माझ्या नखानं मोडणार, आन्‌ कुठला कोण गडी ओठात धरणार. कुणाच्या तरी लेकरांचा बा असंल त्यो, म्हणाली." मावशीनं दोरा दातानं तोडला. "मी म्हटलं, अगं, जाळ लावत्यात तिला, जळून जाईल की काय आसंल त्ये. तर म्हणाली, जाळ एका टोकाला लावत्यात, ओठ दुसऱ्या टोकाला लावत्यात. हात चांगला हुता तिचा. माझ्यापरास लई भारी. तिची एक इडी कधी नापास झाली न्हाय."

आक्का, मी बाहेर येऊन गटाराच्या कट्ट्यावर बसलो. तिथं एक कोंबडी एका पायावर उभी होती, तिला बघत बसलो बराच वेळ. विडीनं जात नाही गं. विडीनं माणसाला दुसरे शंभर रोग होतील, हा एक होत नाही. तू सावलीत, बसून, पोराला नजरेसमोर ठेवून करायचं काम सोडलंस, कुणा अनोळखी गड्याच्या ओठांसाठी, आणि वखारीत जाऊन उभी राहिलीस, जिथं चांगली धडधाकट बाईसुद्धा तोंडाला पदर बांधून खोकते. तुझ्या अंगात झुंजायची ताकद आधीच कमी. हा आजार तसा स्वतः मारत नाही म्हणतात, तो नुसती राखण उठवतो, मग जो येईल तो आत. तुझ्यात टीबी शिरला. धूळ नसती तरी शिरला असता कदाचित, डॉक्टर म्हणतात टीबीचं तसं सांगता येत नाही. पण उसळून उसळून खोकायचीस ते दुखणं धुळीनं वाढलंच. गोळ्या तोवर बेळगावात मिळायला लागल्या होत्या. तू एकदा आणायला गेलीसही होतीस, पण बसमध्ये आप्पांच्या गावचं कुणीतरी भेटलं आणि "कुठं गं एवढ्या लांब?" विचारलं, आणि परत गेलीच नाहीस. मावशी म्हणते, शेवटी तुझ्या हातात तांब्यासुद्धा उचलायचं बळ नव्हतं, तरी ती पाणी पाजायला आली की तोंड फिरवून घ्यायचीस, तिच्या हाताला तुझी लाळ लागेल म्हणून.

मीही एकदा गोळ्या सोडल्या होत्या, जत्रेबरोबर फिरताना, बरं वाटायला लागलं की माणसाला वाटतं संपलं सगळं. परत गेलो तर अंगावर नुसती हाडं. डॉक्टर ओरडले, "एनप्पा, काय रे, मरायचंय का? बरं वाटतंय ते गोळीमुळं वाटतंय!" तेव्हापासून कुठंही असलो तरी त्या वेळेला गोळी. मोबाईल वाजतो, ड्रायव्हरअण्णा समजतात मला कुणाचा तरी फोन येतो. आता रक्त तपासलं तर विषाणू सापडत नाही इतका कमी झालाय. गेलेला नाही, सापडत नाही. असंच राहिलं तर माझ्याकडून बायकोला होणार नाही, असं डॉक्टर छातीठोक सांगतात. मला तसं छातीठोक सांगता येत नाही, मी तर ऐकूनही घाबरतो.

सोमवारी तिच्या दुकानाला सुट्टी. मी येळ्ळूरला गेलो. ती शेतात बांधावर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती, भाऊ पलीकडं मोटर चालू करायला गेलेला. मी बसलो, दोन-तीन जुड्या वाकड्यातिकड्या बांधल्या, तिनं त्या सोडून परत बांधल्या. मग मी सांगून टाकलं. कुठं गेलो नव्हतो. जन्मतःच आलंय. आईकडनं, तिला आप्पांकडनं. तुझ्या विड्यांचंही सांगितलं, ते का सांगितलं कुणास ठाऊक, तोंडातून निघत गेलं. मला वाटलं तिचा जीव हलका होईल. ती भडकली.

"मी तुला माफ केलं हुतं," ती म्हणाली. "गडावनं येऊन चार दिस जेवले न्हाय, रडून रडून मनापास्नं माफ केलं हुतं. आता त्या माफीचं मी काय करू? घाल जा कोथिंबिरीवर!" आणि खरंच एक जुडी माझ्या अंगावर फेकली.

"आईचं नाव नको होतं मला मधे यायला."

"म्हणून सवताचं घाण केलंस? आन्‌ माझं? मी काय समजून तुझ्याबरोबर नांदले असते?" तिनं फेकलेली जुडी उचलून झाडली. मग तिनं हळूच विचारलं, "विड्या खरंच सोडल्या त्यांनी?"

"हो."

"येडी बाई," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. हात मातीचे, तोंडभर माती झाली. मग म्हणाली, "तुझं ते औषधपाण्याचं, आपल्याला पोरं झाली तर काय, त्ये सगळं मी डॉक्टरकडनं ऐकणार. तुझं ऐकून एकदा शपथ घालून बसले." मी म्हटलं, चल, शुक्रवारी नेतो. "आन्‌ घरात मी सांगणार. आधी आईला, मग थोरल्या अण्णाला. न्हाय म्हणतील, कालवा करतील, मारतीलसुद्धा, पण चोरून लगीन करणार न्हाय मी." बांधाच्या पलीकडून तिचा भाऊ पाण्याबरोबर चालत येत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि भराभर म्हणाली, "पण सांगताना त्यांचं नाव निघणार. तुझ्या आईचं. आमचं गाव लई बोलतंय. घेऊ का? लवकर सांग."

मी एरवी प्रश्न आला की उठून चालायला लागतो. तेव्हा बसून राहिलो. आणि म्हणालो, "घे."

शुक्रवार उद्या आहे. तिची आई काय म्हणाली ते अजून कळलं नाही, तिचा फोन बंद लागतोय. म्हणूनच आज ही गाडी मला थांबायला नको होती. आता तिकडं हॉर्न वाजायला लागलेत, ड्रायव्हरअण्णा लुंगी सावरत येतायत, म्हणजे ट्रक हलला असावा. हा कागद मी कुठं टाकणार, आणि टाकला तरी कुठल्या पत्त्यावर. घडी करून खिशात ठेवतो, पुढच्या धुण्यात त्याचा लगदा होईल.

एकच सांगायचं राहिलं. "घे" म्हणायच्या आधी मी तुला विचारलं होतं, मनात, आणि तू हो म्हणालीस असं मला स्पष्ट ऐकू आलं. पण तुझा आवाज मला आठवत नाही, आक्का. तू लांब बस म्हणायचीस तेसुद्धा मला मावशीच्याच आवाजात ऐकू येतं, आणि परवाचं हो पण तिच्याच आवाजात होतं. आणि मावशी तर नको म्हणाली होती.